यूआय (म्हणजे स्क्रीनवरची बटणं, पट्ट्या वगैरे) ॲनिमेशन सोपं करायचं तर: दोन स्थिती लिहा, मधलं ब्राउझरला करू द्या

ज्यांना एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं, कामापुरतं जावास्क्रिप्ट येतं, आणि तरी ॲनिमेशन म्हटलं की एकतर कुठूनतरी शंभर-दोनशे ओळी उचलून चिकटवतात नाहीतर "शेवटी बघू" म्हणून सोडून देतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ॲपवाल्यांसाठी मध्ये एक तुकडा आहे, पण मुख्य उदाहरण वेबचं घेतलंय, कारण त्याला ब्राउझर आणि एडिटर सोडून काही लागत नाही, लॅपटॉप कसलाही चालतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वस्तू पिक्सेल पिक्सेल पुढे ढकलत बसणं हे आपलं कामच नाही. बंद असताना ती कशी दिसते, उघडी असताना कशी दिसते, एवढं आपण लिहायचं, एकातून दुसऱ्यात किती वेळात आणि कुठल्या चालीने जायचं ते एका ओळीत सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट १९५६ ला सुरू झालं, कागदावरच्या त्या ॲनिमेशनमध्येही हेच असायचं, मुख्य पोझ एक जण काढणार आणि मधली चित्रं दुसरे भरणार. इथे मधली चित्रं ब्राउझर भरतो. त्यामुळे चित्रकला येत नाही म्हणून अडून बसू नका, पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशन शिकवतात ते शिकायला मिळालं तर छानच, पण बटण नि पट्टी हलवायला त्याची गरज नाही.

कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय, एडिटरमध्ये पहिली दोन अक्षरं टाकलीत की ऑटोकम्प्लीट बाकीचं देतंच. क्लासची नावं मात्र खरोखर मराठीत ठेवली तरी चालतात बरं का, सीएसएसला देवनागरी नावाचं वावडं नाही. ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये हा उद्योग टीमला विचारून करा.

उदाहरण असं धरू: गिरगावातलं एक पोळी-भाजी केंद्र, चालवणाऱ्या काकूंना फोर्ट-चर्चगेटच्या ऑफिसवाल्यांकडून दुपारच्या डब्याच्या ऑर्डरी घ्यायला एक पान हवंय. पदार्थांची यादी, प्रत्येकापुढे "घ्या" बटण, काही घेतलं की खालून वर येणारी ऑर्डरची पट्टी, पदार्थावर टॅप केलं की त्याचा तपशील, आणि संपलेला पदार्थ यादीत तळाला जाणार. एवढ्यात जवळपास सगळे प्रकार येतात.

पायरी १: काय हलणार ते कागदावर लिहा

एडिटर उघडायच्या आधी. चारच कारणांसाठी काहीतरी हलावं असं माझं मत आहे: काहीतरी नवीन आलं, काहीतरी गेलं, काहीतरी जागा बदलून दुसरीकडे गेलं, किंवा बोट लागलं याची पोच द्यायची आहे. आपल्या पानात पट्टी येते-जाते, तपशील उघडतो-मिटतो, संपलेला पदार्थ खाली सरकतो, "घ्या" दाबलं की बटण जरा दबतं. बस. लोगो नाचवायचा नाही, स्क्रोल करताना प्रत्येक पदार्थ हवेतून तरंगत आणायचा नाही. अकराच्या आत ऑर्डर टाकायची म्हणून माणूस मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलाय, त्याला उसळ आहे का नाही एवढंच बघायचंय, आणि ती उसळ अर्धा सेकंद फेड-इन होतेय, चिडेल नाहीतर काय करेल.

पायरी २: दोन स्थिती लिहा

ऑर्डरची पट्टी घेऊ. ती स्क्रीनच्या तळाला फिक्स आहे, बंद असताना स्वतःच्या उंचीएवढी खाली गेलेली, उघडली की जागेवर.

.पट्टी → ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेट-वाय १०० टक्के; ट्रान्झिशन: ट्रान्सफॉर्म २५० मिलिसेकंद ईझ-आउट
.पट्टी.उघडी → ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेट-वाय ०

जावास्क्रिप्टमध्ये फक्त क्लासलिस्ट-टॉगल करून "उघडी" हा क्लास लावायचा किंवा काढायचा. संपलं, खरंच एवढंच आहे.

आता यातली एक बारीक गोष्ट नीट बघा कारण नवीन माणूस इथे हमखास अडकतो. ट्रान्झिशनची ओळ मूळ .पट्टी मध्ये आहे, .उघडी मध्ये नाही. ती फक्त .उघडी मध्ये टाकलीत तर पट्टी उघडताना छान सरकत येईल आणि बंद करताना फटकन गायब होईल, कारण ब्राउझर बदलानंतरच्या स्थितीतला नियम वाचतो, आणि क्लास काढल्यावर तो नियमच लागू राहत नाही. हे कळलं की त्याचा फायदाही घेता येतो: दोन्हीकडे ट्रान्झिशन लिहा पण वेळ वेगळा द्या, .उघडी मध्ये २५० आणि मूळ .पट्टी मध्ये १८०, म्हणजे येताना निवांत आणि जाताना झटपट. जाणाऱ्या गोष्टीकडे कोणी बघत नसतं, तिला लवकर जाऊ द्या.

जुन्या पद्धतीत हेच काम सेट-इंटरव्हल लावून, दर काही मिलिसेकंदांनी लेफ्ट किंवा टॉप पाच-पाच पिक्सेलने वाढवून करायचे. ते वाईट का? तर पट्टी अर्ध्यात असताना वापरणाऱ्याने परत टॅप केलं की दोन टायमर एकमेकांशी भांडतात आणि पट्टी थरथरते. ट्रान्झिशनमध्ये ब्राउझर आहे त्या जागेवरून उलटा फिरतो, आणि अर्धंच अंतर गेलेली असेल तर परतीचा वेळही त्या हिशोबाने कमी करतो, तुम्हाला काही लिहावं लागत नाही. २००६ मध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आली तेव्हा तिच्या ॲनिमेट फंक्शनने लोकांचं खूप काम हलकं केलं होतं, पण तिथेही प्रत्येक फ्रेमला हिशोब जावास्क्रिप्टच करायचं. २००७ मध्ये ॲपलने मॅकवर कोअर ॲनिमेशन आणलं त्यात लेयरच्या प्रॉपर्टीची नुसती किंमत (व्हॅल्यू) बदलली की मधला प्रवास आपोआप, काही सांगितलं नाही तर पाव सेकंदात. आज जिकडेतिकडे हीच पद्धत दिसते.

पायरी ३: वेळ आणि चाल

वेळेबाबत फार डोकं खाजवू नका. साधारण ०.१ सेकंदाच्या आत झालेली गोष्ट माणसाला तात्काळ झाल्यासारखी वाटते आणि १ सेकंदाच्या पुढे गेली की विचारांचा ओघ तुटायला लागतो, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ मध्येच मांडलेलं आहे आणि अजून चालतं. म्हणून बटण दबणं १०० मिलिसेकंद, छोट्या गोष्टी १५० ते २००, पट्टी किंवा मोठं पॅनल २५० ते ३००, आख्खं पान बदलत असेल तर ३०० ते ४००. मोठ्या स्क्रीनवर अंतर जास्त म्हणून किंचित जास्त वेळ. अर्ध्या सेकंदाच्या वर काही जात असेल तर तुम्ही वापरणाऱ्याचा वेळ खाताय. डेमोला भारी दिसतं ते, मान्य आहे, पण दिवसातून वीस वेळा तेच बघायचं असेल तर?

चालीसाठी फास्ट लोकल डोळ्यासमोर आणा. दादरला गाडी प्लॅटफॉर्मवर शिरते तेव्हा वेगात असते आणि हळूहळू मंदावत थांबते, ही ईझ-आउट. सुटताना रेंगाळत सुटते आणि मग वेग पकडते, ही ईझ-इन. स्क्रीनवर येणाऱ्या गोष्टीला ईझ-आउट, स्क्रीन सोडून जाणारीला ईझ-इन, आणि स्क्रीनवरच एका जागेहून दुसऱ्या जागी जाणारीला ईझ-इन-आउट. लिनियर म्हणजे सगळा वेळ एकच वेग, तो फक्त गोल फिरणाऱ्या लोडरला किंवा प्रोग्रेस बारला, बाकी कुठे लावला की यांत्रिक वाटतं.

काहीच लिहिलं नाही तर सीएसएस "ईझ" नावाची चाल लावतं, क्युबिक-बेझिअर ०.२५, ०.१, ०.२५, १, ती वाईट नाही, सुरुवातीला तीच ठेवली तरी हरकत नाही. पुढे हौस आली की क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायच्या टूल्समध्ये) या चालीच्या नावाशेजारी एक छोटं चिन्ह असतं त्यावर क्लिक करा, वक्ररेषा हाताने ओढून बदलता येते आणि वर एक गोळी पळून दाखवते. स्प्रिंगसारखी उसळी हवी असेल तर सीएसएसच्या लिनियर फंक्शनमध्ये बरेच बिंदू देऊन जमवता येते, ते बिंदू हाताने लिहू नका, तयार करून देणारी टूल्स मिळतात. आणि उसळी थोडीच ठेवा. ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज उड्या मारत आला तर ते क्रूर वाटतं.

पायरी ४: स्वस्त काय, महाग काय

साध्या स्क्रीनवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. हल्ली बऱ्याच फोनना १२० हर्ट्झची स्क्रीन असते, तिथे ८.३. एवढ्या वेळात ब्राउझरला स्टाइल मोजायची, मग लेआउट म्हणजे कोण कुठे बसणार ते ठरवायचं, मग पेंट, मग सगळे थर एकत्र जोडायचे. तुम्ही हाइट, विड्थ, टॉप, लेफ्ट किंवा मार्जिन ॲनिमेट केलंत की प्रत्येक फ्रेमला लेआउटपासून सुरुवात, आणि यादीत साठ पदार्थ असतील तर खालच्या सगळ्यांची जागा पुन्हा पुन्हा मोजली जाणार. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी बदललं तर बहुतेक वेळा फक्त शेवटचं जोडायचं काम उरतं, ते जीपीयू (ग्राफिक्सची चिप) करतो, आणि पानाचं जावास्क्रिप्ट कुठे अडकलेलं असलं तरी हालचाल अडखळत नाही.

म्हणून नियम: जागा बदलायची तर ट्रान्सलेट, आकार बदलायचा तर स्केल, दिसणं-नाहीसं होणं ओपॅसिटी. सावली गडद करायची असेल तर बॉक्स-शॅडो ॲनिमेट करण्यापेक्षा गडद सावलीचा एक थर आफ्टर या स्यूडो-एलिमेंटने आधीच करून ठेवा आणि त्याची ओपॅसिटी वाढवा. "हे बदलणार आहे" असं ब्राउझरला आधीच सांगणारी विल-चेंज नावाची प्रॉपर्टी आहे, ती जादूची कांडी समजून प्रत्येक गोष्टीला लावू नका, प्रत्येक थर मेमरी खातो आणि स्वस्त फोनवर उलट परिणाम होतो.

पायरी ५: अवघड तीन

इथे जास्त वेळ थांबू, कारण वरचं सगळं जमल्यावर माणूस इथेच येऊन आपटतो.

पहिलं, डिस्प्ले-नन असलेली गोष्ट. डिस्प्ले-नन मधून ब्लॉकमध्ये जाताना ट्रान्झिशन चालत नाही, कारण आधीची स्थितीच नाही, सुरुवात कुठून करायची ब्राउझरला माहीत नाही. पूर्वी यासाठी सेट-टाइमआउट शून्य वगैरे कसरती करायचे. आता ॲट-स्टार्टिंग-स्टाइल नावाचा नियम आहे, त्यात "ही वस्तू पहिल्यांदा दिसेल तेव्हा इथून सुरू कर" असं लिहायचं, उदाहरणार्थ ओपॅसिटी ०. आणि जाताना लगेच नाहीशी होऊ नये म्हणून ट्रान्झिशनच्या यादीत डिस्प्लेही टाकायचं, सोबत अलाउ-डिस्क्रीट हा शब्द. क्रोममध्ये हे २०२३ पासून आहे, इतरांनी नंतर घेतलं. जुन्या ब्राउझरमध्ये वस्तू नुसतीच येते-जाते, कोणाचं काही बिघडत नाही.

दुसरं, उंची ऑटो. पदार्थावर टॅप केलं की तपशील उघडायचाय (भाजीत शेंगदाण्याचं कूट आहे का, तिखट किती), मजकूर किती ओळींचा असेल माहीत नाही, म्हणून हाइट ऑटो, आणि शून्यापासून ऑटोपर्यंत ट्रान्झिशन होत नाही. लोक मॅक्स-हाइट ५०० पिक्सेल देतात, मग मजकूर ८० पिक्सेलचा असला की उघडणं झटक्यात होतं आणि मिटताना आधी काही वेळ काहीच होत नाही. त्यापेक्षा तपशिलाभोवती एक ग्रिड घाला, बंद असताना ग्रिड-टेम्प्लेट-रोज ०एफआर, उघडं असताना १एफआर, आतल्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन आणि मिन-हाइट ०. हे सरळ चालतं. क्रोममध्ये २०२४ पासून इंटरपोलेट-साइज: अलाउ-कीवर्ड्स लिहिलं की थेट ऑटोपर्यंतही जाता येतं, पण सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका. हो, इथे लेआउटचा खर्च होतोच, वरचा नियम मोडतोय आपण, पण दोनशे मिलिसेकंदांपुरता आणि एका वेळी एकच तपशील असेल तर चालवून घ्या.

तिसरं, यादीत जागा बदलणं. कोथिंबीर वडी संपली, ती यादीच्या तळाला जाणार. डीओएममध्ये (ब्राउझरकडे असलेल्या पानाच्या घटकांच्या रचनेत) हलवली की ती तिथे टपकन दिसते, बघणाऱ्याला कळत नाही वडी गेली कुठे. यावर वेब डेव्हलपर पॉल लुईस यांनी २०१५ मध्ये फ्लिप नावाची युक्ती लिहिली, ती एकदा हाताने करून बघाच, समज एकदम वाढते. आधी वडीची जागा मोजा, गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टने, समजा वरून १६० पिक्सेल. मग डीओएममध्ये खरी हलवा. परत मोजा, आता ६४०. फरक ४८०. आता तिला ट्रान्सफॉर्मने ४८० पिक्सेल वर ढकला म्हणजे डोळ्याला ती अजून जुन्याच जागी दिसेल, आणि तिथून ट्रान्सफॉर्म शून्यावर जाऊ द्या. एलिमेंटच्या ॲनिमेट फंक्शनला "ट्रान्सलेट-वाय उणे ४८० पासून नन पर्यंत, ३०० मिलिसेकंद, ईझ-इन-आउट" सांगितलं की झालं. मधल्या पदार्थांनाही हेच करायचं, ते प्रत्येकी एका ओळीने वर सरकतात. लेआउट एकदाच मोजला गेला आणि बाकी सगळं स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मवर चाललं, ही त्यातली गंमत.

हाताने करून झालं की व्ह्यू ट्रान्झिशन वापरा, तुमचा डीओएम बदलणारा कोड डॉक्युमेंटच्या स्टार्ट-व्ह्यू-ट्रान्झिशन मध्ये द्या, प्रत्येक पदार्थाला वेगळं व्ह्यू-ट्रान्झिशन-नेम द्या, ब्राउझर आधीचा आणि नंतरचा फोटो काढून मधलं स्वतः करतो. क्रोम १११ मध्ये २०२३ ला आलं, सफारी १८ मध्ये २०२४ ला. दोन सावधगिऱ्या: एकच नाव दोन दिसणाऱ्या वस्तूंना दिलंत तर ट्रान्झिशन होतच नाही, आणि ते चालू असताना पानावरचे टॅप खाली पोचत नाहीत, म्हणून वेळ कमी ठेवा. फंक्शन उपलब्ध आहे का हे आधी इफ मध्ये तपासा, नसेल तर बदल सरळ करून टाका.

पायरी ६: मराठी मजकूर हलवताना

हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. शीर्षक एकेक अक्षर उमटत येतं तो इफेक्ट सगळ्यांना आवडतो, पण त्यातला कोड स्प्लिट वापरून शब्द तोडतो, आणि "स्त्री" या शब्दाचे जावास्क्रिप्टच्या लेखी सहा तुकडे होतात, "कोथिंबीर"चे आठ. मग काना-मात्रा वेगळ्या स्पॅनमध्ये जातात आणि ठिपक्यांच्या गोलावर लटकलेल्या वेलांट्या दिसायला लागतात. जावास्क्रिप्टमधलं इंटल-सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडायची सोय) वापरून अक्षरं बरी सुटतात, पण जोडाक्षरांच्या बाबतीत जुन्या आवृत्त्या अजून गोंधळ घालतात, म्हणून मी सरळ सांगते, मराठीत शब्दाशब्दाने ॲनिमेट करा, अक्षराच्या नादी लागू नका.

दुसरं, मजकूर पडद्यामागून वर येतो तो प्रकार. त्याला ओव्हरफ्लो हिडन लागतं, आणि लाइन-हाइट १ किंवा १.१ असेल तर वरचा रफार-वेलांटी आणि खालचा ऊकार कापला जातो. लाइन-हाइट १.५ च्या आसपास ठेवा किंवा वर-खाली पॅडिंग द्या, आणि "मूर्ती", "कुर्ला" असे शब्द टाकून तपासा. ऑर्डरची रक्कम १२० वरून १६५ होताना आकडे पळवायचे असतील तर प्रत्येक आकड्याची रुंदी वेगळी असल्याने शेजारचं बटण हलत राहतं, टॅब्युलर-नम्स (सगळे आकडे एकाच रुंदीचे करायची सोय) लावा, आणि फॉन्टमध्ये ती सोय नसेल तर आकड्याच्या डब्याला ठरावीक रुंदी द्या.

ॲपवाल्यांसाठी

स्थिती लिहायची, प्रवास टूलकिटवर (ॲप बनवायच्या फ्लटर, जेटपॅक कंपोझ, स्विफ्टयूआय अशा साहित्यावर) सोडायचा, तेच सगळं. फ्लटरमध्ये साध्या कंटेनरच्या जागी ॲनिमेटेड-कंटेनर टाका, ड्युरेशन द्या, सेट-स्टेटमध्ये किंमत बदला. ॲनिमेशन-कंट्रोलर हे पुढचं प्रकरण आहे, बोटाबरोबर ओढायचं किंवा सतत चालू ठेवायचं असेल तेव्हाच, आणि घेतलात तर डिस्पोज करायला विसरू नका. जेटपॅक कंपोझमध्ये ॲनिमेट-डीपी-ॲज-स्टेट, येण्या-जाण्याला ॲनिमेटेड-व्हिजिबिलिटी, आणि तपशिलाच्या उंचीचा वरचा सगळा त्रास ॲनिमेट-कंटेंट-साइज या एका मॉडिफायरमध्ये मिटतो (वेबवाल्यांनी जळू नये). स्विफ्टयूआयमध्ये स्टेट बदलणारी ओळ विथ-ॲनिमेशनच्या आत टाका.

लॉटी हा वेगळा प्रकार. डिझायनरने आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेलं चित्र जेसन फाइल म्हणून ॲपमध्ये वाजवायचं, एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुलं केलं. ऑर्डर पोचल्यावर डब्यातून वाफ निघतेय असलं चित्र दाखवायला उत्तम. पट्टी वर-खाली करायला लॉटी वापरू नका, बोटाने मध्येच अडवलं तर तिला काही कळत नाही.

पायरी ७: हळू करून बघा

अडीचशे मिलिसेकंदांत चूक डोळ्याला दिसत नाही, नुसतं "काहीतरी खटकतंय" वाटतं. क्रोम डेव्हटूल्समध्ये ॲनिमेशन्स नावाचं पॅनल आहे, त्यात वेग २५ टक्के किंवा १० टक्के करता येतो. पट्टी १० टक्क्यांवर उघडून बघा: मजकूर आधी येतोय आणि पार्श्वभूमी मागून, कोपरे मध्येच चौकोनी होतायत, सगळं उघडं पडतं. रेंडरिंग टॅबमध्ये पेंट-फ्लॅशिंग लावा, पट्टी सरकताना आख्खं पान हिरवं चमकत असेल तर पायरी ४ परत वाचा. परफॉर्मन्स पॅनलमध्ये सीपीयू चारपट मंद करता येतो. अँड्रॉइड ॲप असेल तर फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, तिथे ॲनिमेटर ड्युरेशन स्केल १० पट करता येतो. झाल्यावर परत १ करा, नाहीतर दिवसभर फोन जड झालाय असं वाटत राहील.

हे सगळं करूनही खऱ्या फोनला पर्याय नाही. घरात ड्रॉवरमध्ये पडलेला जुना अँड्रॉइड चार्ज करा, तो तुमचा टेस्टिंग फोन. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वापरून बघा, दोनदा-तीनदा टॅप होतोच, आणि तेव्हा पट्टी अर्ध्यात उलटते का अडकते ते कळतं. वाटेत जिथे नेटवर्क जातं, तिथे "घ्या" दाबून बघा. लोडर अनंतकाळ फिरतोय? मग काही सेकंदांनी फिरणं थांबवून "नेटवर्क नाही, पुन्हा करा" हे लिहून दाखवा. आणि उलटही, काम अर्ध्या सेकंदाच्या आत होणार असेल तर लोडर दाखवूच नका, नुसता चमकून जातो आणि पान हळू आहे असं वाटायला लावतो.

पायरी ८: ज्यांना हालचालीचा त्रास होतो

काही लोकांना स्क्रीनवर मोठी हालचाल झाली की गरगरतं, मळमळतं, कानाच्या आतल्या तोलाशी संबंधित त्रास असतो. त्यांच्यासाठी फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग असते: आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग मोशन, मग रिड्यूस मोशन. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत रिमूव्ह ॲनिमेशन्स. सीएसएसमध्ये हे प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन या मीडिया क्वेरीने कळतं. तिथे सगळं शून्य करायची घाई नको, सरकणं-झूम-पॅरॅलॅक्स काढा, त्याजागी साधं फेड ठेवा, पोच तर मिळालीच पाहिजे. शिवाय डब्ल्यूसीएजीचे (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचे) दोन नियम सगळ्यांसाठीच: आपोआप सुरू होऊन इतर मजकुराच्या बाजूला ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणाऱ्या हालचालीला थांबवायची सोय हवी, आणि काहीही सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकता कामा नये.

पायरी ९: आकडे एका जागी

पानभर २००, २५०, ३०० असे आकडे विखुरले की चार महिन्यांनी कोणालाच कळत नाही कुठला का आहे. सीएसएस व्हेरिएबल करा: वेळ-छोटा १५०, वेळ-मोठा २५०, चाल-येताना, चाल-जाताना. चार पुरतात. सगळीकडे हीच नावं वापरा, डिझायनरलाही फिग्मात हीच सांगा, म्हणजे "थोडं अजून स्मूद कर ना" या वाक्याऐवजी "वेळ-मोठा लाव" असं बोलता येतं. रिड्यूस्ड-मोशनमध्येही मग बराचसा बदल याच जागी होतो.

अडलं तर

काहीच हलत नाही: वस्तू त्याच क्षणी डीओएममध्ये टाकून लगेच क्लास लावलाय, तिला आधीची स्थिती नाही, स्टार्टिंग-स्टाइल लावा. किंवा एका टोकाची किंमत ऑटो आहे. किंवा स्पॅनवर ट्रान्सफॉर्म लावलाय, इनलाइन वस्तूला तो लागत नाही, इनलाइन-ब्लॉक करा.

सगळंच हलतंय: ट्रान्झिशन ऑल लिहिलंय. प्रॉपर्टीचं नाव लिहा.

माउस नेला की वस्तू थरथरते: होव्हरवर तीच वस्तू वर सरकतेय, सरकल्यावर माउस तिच्याबाहेर जातो, ती परत खाली येते, परत होव्हर. होव्हर बाहेरच्या डब्यावर घ्या, हलवा आतला.

पट्टी बंद झाली पण पुढचं कामच झालं नाही: पुढचा कोड ट्रान्झिशन-एंड इव्हेंटवर टांगलाय, आणि रिड्यूस्ड-मोशनमध्ये वेळ शून्य असल्याने किंवा ट्रान्झिशन मध्येच रद्द झाल्याने तो इव्हेंट आलाच नाही. ऑर्डर पाठवण्यासारखं काम ॲनिमेशन संपण्यावर कधीच ठेवू नका, ते टॅप होताच करा. वस्तू डीओएममधून काढायची असेल एवढ्यापुरतंच थांबायचं असेल तर गेट-ॲनिमेशन्सने चालू असलेली ॲनिमेशन्स घ्या आणि त्यांच्या फिनिश्ड प्रॉमिसवर थांबा. यादी रिकामी आली तर लगेच पुढे जाता येतं, आणि रद्द झालं तर प्रॉमिस रिजेक्ट होतं, तेव्हा प्रॉमिस-ऑल-सेटल्ड वापरा.